जुन्या गाडीची बॉडी कोणती, आणि ती खरंच दुर्मीळ आहे का: शोधाचा क्रम

दरवर्षी सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या सुमाराला माझ्या मोबाइलवर असे फोटो यायला लागतात. कुणाच्या तरी वाड्यात, कडब्याच्या गंजीशेजारी, ताडपत्री अर्धी ओढलेली गाडी. फोटो एकच, तोही समोरून. खाली ओळ असते, "दादा, १९३२ची फोर्ड आहे. जगात तीनच उरल्यात म्हणे. किती येतील?"

किती येतील ते सोडा, ती फोर्ड आहे का, हेही त्या फोटोवरून सांगता येत नाही. चूक गाडीत नसते, क्रमात असते. लोक आधी "दुर्मीळ" ठरवतात, मग इंटरनेटवर तसाच दिसणारा फोटो शोधतात, मग आरसी बुक काढतात आणि सगळ्यात शेवटी गाडीखाली वाकतात. हा क्रम पूर्ण उलटा करायचा. आधी लोखंड, मग कागद, मग कारखान्याची नोंद, आकडे सगळ्यात शेवटी. मधली एक पायरी गाळली तर पुढचं सगळं वाकडं जातं. मी स्वतः गाळलेली आहे, ते चौथ्या टप्प्यात सांगतो.

तयारी

सामान फार लागत नाही. चांगली बॅटरी, दाताचे डॉक्टर वापरतात तसा लांब दांड्याचा छोटा आरसा, मऊ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक, स्टीलचा टेप, रंगकामाचा जुना मऊ ब्रश, वाटीभर डिझेल, बटर पेपर, मऊ शिसपेन्सिल आणि दोनशे पानी वही. मोबाइलवर टिपणं काढू नका. हात काळे होतात, आणि दोन महिन्यांनी ती टिपणं सापडत नाहीत.

वेळ सकाळची धरा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दहानंतर पत्र्याला हात लावता येत नाही. शिवाय सकाळचं तिरपं ऊन पत्र्यावरच्या लाटा आणि लांबीचे (खड्डे बुजवायच्या पुट्टीचे) थर उघडे पाडतं, दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात ते दिसत नाहीत.

मालक दुसरा असेल तर सोबत घरातलं एक वयस्कर माणूस बसवा. गाडी चालवलेलं नसलं तरी चालेल, मागच्या सीटवर बसून तुळजापूरला गेलेलं पुरे.

सावधान: पट्टी किंवा नंबर वाचायला वायर ब्रश, पॉलिश पेपर, ग्राइंडर यातलं काहीही वापरायचं नाही. चेसिसच्या, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याच्या, नंबरवर घासल्याची खूण दिसली की आरटीओत पहिला संशय खाडाखोडीचा येतो, आणि तो तुम्ही आयुष्यभर निस्तरत बसता.

टप्पा १: धुण्याआधी फोटो

गाडी आहे तशी टिपायची. आधी धुतली की पुरावा गेला. जुन्या रंगाचे ओघळ, कापडी छताच्या खिळ्यांची भोकं, कुठल्याशा रॅलीचा अर्धा स्टिकर, हे सगळं कामाचं असतं. चारही बाजू, चारही कोपरे, प्रत्येक दार उघडून त्याची आतली कड, बिजागऱ्या, बॉनेट उघडून फायरवॉल (इंजिन आणि बैठक यांमधली पत्र्याची भिंत) दोन्ही बाजूंनी, सीट काढून खालची फळी, डिकीचा तळ, आणि खाली झोपून चेसिसच्या दोन्ही पट्ट्या. साठ-सत्तर फोटो सहज होतात. समोरचा फोटो शेवटी काढा, तो सगळ्यात निरुपयोगी. एकाच वर्षाच्या पाच-सहा बॉड्यांना नाक एकच असायचं.

टप्पा २: नंबर वाचा, आणि कोणता नंबर कशाचा ते ओळखा

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. सतरा अक्षरी एकच नंबर ही पद्धत १९८१पासूनची. त्याआधीच्या गाडीवर तीन-चार वेगवेगळे नंबर असू शकतात: चेसिसचा, इंजिनचा, बॉडीचा, आणि सुट्या भागांवरचे ओतकामाचे नंबर. ओतकामाचा नंबर उठावदार असतो, कारण तो साच्यातूनच येतो. ठोकलेला नंबर खोल असतो. उठावदार नंबर म्हणजे त्या भागाचा साचा. तो गाडीचा नंबर म्हणून आरसीत चढलेला मी पाहिला आहे.

फोर्डची मॉडेल ए घ्या. कारखान्यात इंजिनवर जो नंबर ठोकला, तोच चेसिसवर घातला. इंजिनवरचा डाव्या अंगाला ब्लॉकवर सहज दिसतो. चेसिसवरचा मात्र डाव्या पट्टीच्या वरच्या अंगावर, बॉडीच्या खाली दबलेला असतो, बॉडी उचलल्याशिवाय नीट दिसत नाही. म्हणून बहुतेकांच्या कागदावर इंजिनचाच नंबर आहे. इंजिन कधीकाळी बदललं असेल तर तो कागद दुसऱ्याच गाडीची गोष्ट सांगतो.

जनरल मोटर्सच्या अमेरिकन गाड्यांवर फायरवॉलला फिशर बॉडीची, म्हणजे त्यांच्या बॉड्या बनवणाऱ्या कंपनीची, छोटी पट्टी असते. तिच्यावरचा स्टाइल नंबर तुमच्या कामाचा: आधी वर्षाचे दोन आकडे, मग बॉडीचा सांकेतिक क्रमांक. त्याखालचा बॉडी नंबर म्हणजे त्या कारखान्यात त्या प्रकारची कितवी बॉडी. बॉडी नंबर ३१२ दिसला म्हणून "जगात ३१२च बनल्या" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

इंग्लिश गाडी असेल तर लुकास या कंपनीचे विजेचे सुटे भाग बघा. डायनामो, स्टार्टर, डिस्ट्रिब्यूटर यांवर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. एका भागावरून काही सिद्ध होत नाही, भाग बदलले जातात. पण तिन्हींवरच्या तारखा एकमेकींपासून सहा-आठ महिन्यांच्या आत निघाल्या तर गाडीचं वर्ष बऱ्यापैकी पक्कं झालं.

नंबरवरची ओली काजळी ब्रश आणि डिझेलने सोडवा, फडक्याने टिपा, बटर पेपर लावून पेन्सिलचा प्रिंट घ्या. आरटीओसमोरचे एजंट रोज घेतात तसाच. फोटोत तीन आणि आठ सारखे दिसतात, प्रिंटमध्ये नाहीत.

पडताळणी: वहीत प्रत्येक नंबरापुढे तो कुठे सापडला ते लिहिलं का? जागेशिवाय नंबर लिहिला असेल तर पुन्हा खाली झोपा.

टप्पा ३: बॉडीचं नाव आत्ता ठरवायचं नाही, फक्त वर्णन करायचं

नाव आधी डोक्यात बसलं की डोळे तेच बघतात. म्हणून पाच प्रश्नांची उत्तरं साध्या मराठीत लिहा.

पहिला, दारं किती आणि कुठून उघडतात? डुक्कर फियाटची, म्हणजे पद्मिनीच्या आधीच्या जुन्या फियाटची, पुढची दारं उलटी, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. पद्मिनीची सरळ. एवढ्या एका खुणेवरून "वडिलांची पद्मिनी" म्हणून आलेली गाडी कितीतरी जुनी निघाली आहे.

दुसरा, दाराची काच कुठे जाते? हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. हँडल फिरवून काच दारात खाली जाते, की दाराला काचच नाही आणि वरच्या कडेला फक्त भोकं आहेत? त्या भोकांत सळ्या रोवून सेल्युलॉइडचे पडदे लावायचे. मॉडेल ए फोर्डमध्ये रोडस्टर आणि कॅब्रिओले दोन्ही दोन दारांच्या, दोन्ही कापडी छताच्या. रोडस्टरला पडदे, कॅब्रिओलेला वर-खाली होणारी काच. लांबून एक, कारखान्याच्या वहीत दोन: ४०-ए आणि ६८-ए.

तिसरा, दारांमधला खांब छतापर्यंत जातो का? चौथा, छत पत्र्याचं, कापडाचं, की अर्धं-अर्धं? फक्त मागच्या बैठकीवरचं छत दुमडत असेल तर लँडोलेट. इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाच्या पट्ट्या बाजूला आहेत म्हणून छत दुमडतं असं धरू नका. पुष्कळ गाड्यांवर त्या नुसत्या शोभेला आहेत. सांधा हलतो का, ते हाताने बघा.

पाचवा, ड्रायव्हर आणि मागची बैठक यांत काचेची भिंत आहे का, किंवा ती बसवायची खाच? लिमोझिन की मोठी सलून (पत्र्याच्या पक्क्या छताची बंद गाडी), हा वाद या खाचेवर मिटतो.

आता नावं. इंग्लंड आणि अमेरिका एकाच वस्तूला वेगळ्या नावाने हाक मारतात. इंग्रजांची सलून ती अमेरिकनांची सिडान. इंग्रजांची ड्रॉपहेड कूपे, म्हणजे छत दुमडणारी दोन दारांची गाडी, ती अमेरिकनांची कन्व्हर्टिबल कूपे. टूरर आणि फेटन, दोन्ही कापडी टपाच्या उघड्या गाड्या, हे बहुतेक वेळा सख्खे भाऊ. हूड म्हणजे इंग्लंडात कापडी टप, आपण रिक्षाचा हूड म्हणतो तोच, पण अमेरिकन कागदात हूड म्हणजे बॉनेट. आणि आपली डिकी! आपण डिकी म्हणजे सामानाची पेटी समजतो. जुन्या इंग्लिश कॅटलॉगात डिकी सीट म्हणजे मागच्या झाकणातून उघडणारी बाहेरची बैठक. "डिकीसह टू-सीटर" या वर्णनावरून सामानाची पेटी शोधणारे दोघं मला भेटलेत. अमेरिकेत त्याच बैठकीला रंबल सीट म्हणतात.

फोर्डच्या यादीत ट्यूडर दिसलं तर इंग्लंडच्या राजघराण्याकडे जाऊ नका. टू-डोअरचं ते विनोदी स्पेलिंग. चार दाराची ती फोर्डर.

सावधान: परदेशी पुस्तकात तुमची बॉडी नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. स्टँडर्ड हेराल्डची चार दारांची बॉडी फक्त भारतात बनली. इंग्लंडातल्या हेराल्डवाल्याला विचाराल तर तो "अशी गाडीच नाही" म्हणेल, आणि त्याच्यापुरतं ते बरोबर आहे. तसंच जनरल मोटर्सने १९२८पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडल्या. वालचंद हिराचंदांच्या (ते सोलापूरचेच) प्रीमियरने १९४७पासून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. जोडणी इथली असेल तर काच, गादी, पट्ट्या, कधी बॉडीतले तुकडेही इथले असू शकतात. उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या फोर्ड बहुतेक कॅनडातून आलेल्या, तेव्हा डेट्रॉइटच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, आकड्यांत त्या शोधायच्या नाहीत.

टप्पा ४: नंतर काय बदललं ते शोधा

आपल्या भागात गाडी मरू देत नाहीत, तिचं दुसरं काहीतरी करतात. पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन, मागचा भाग कापून दूध-भाजीची व्हॅन, आणि अलीकडे वरातीसाठी सलूनचं छत कापून "टूरर". हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, कारण उघडी गाडी दिसायला देखणी आणि किमतीला चढी.

माझी चूक इथली. मामांकडे तीसच्या दशकातली एक शेवरोले होती, चार दारं, कापडी टप. मी फोटो बघून, पुस्तक लावून, वर्षाचं नाक जुळवून छातीठोकपणे "टूरर" असं लिहून दिलं. मामांनी ते फ्रेम करून बैठकीत लावलं. दोन वर्षांनी गादीचं काम निघालं. मिस्त्रीने मागच्या दाराचं रेक्झिन सोललं, आणि आत काच वर-खाली करायच्या यंत्राची जागा, तीन भोकं आणि गंजलेला अर्धा रूळ. टूररच्या दारात काचेचं यंत्र कशाला असेल? मग खालची बाजू बघितली. दोन दारांच्या मध्ये खांबाचा बुंधा होता, वितभर, वरून सपाट कापलेला, त्यावर पितळी पट्टी ठोकून पायरी केलेली. समोरच्या काचेची चौकट दुमडत नव्हती, तिचे दोन्ही खांब पत्र्यातूनच वर आलेले आणि कपाळाच्या उंचीवर कापून घासलेले. फायरवॉलवर पट्टी नव्हती, रिव्हेटची भोकं तेवढी होती. मिस्त्री म्हणाला, "पैलेपास्नं असलीच हाय बगा." त्याच्या पैलेपासून म्हणजे त्याच्या वडिलांच्या गॅरेजात आली तेव्हापासून, हे नंतर कळलं.

तेव्हापासून मी या क्रमाने बघतो.

दाराच्या आत. वरून आरसा घाला. यंत्राची भोकं, रूळ, काचेची फट यांतलं काही असेल तर त्या दाराला कधीतरी काच होती.

खांबांचे बुंधे. उंबऱ्यालगत चुंबक फिरवा. चुंबक एकदम सुटला तर तिथे लांबी किंवा शिसं भरलंय. कारखान्यातही सांध्यांवर शिसं भरत, म्हणून फक्त चुंबक सुटला यावर निकाल देऊ नका. डाव्या आणि उजव्या बाजूला तंतोतंत एकाच जागी सुटतो का, ते बघा. कारखान्याचं काम जुळ्यासारखं असतं, गॅरेजचं भावंडांसारखं.

लाकूड. तीसच्या दशकापर्यंतच्या पुष्कळ बॉड्यांत पत्र्याच्या आत लाकडी सांगाडा असे. इंग्लिश गाड्यांत बहुधा अॅश लाकूड, फिकट आणि सरळ रेषेचं. आत सागवान निघालं तर ते काम इथलं. दुरुस्ती आहे की पूर्ण बॉडीच इथे बांधली, हे सांगाड्यात किती टक्के सागवान आहे त्यावरून ठरतं. एक दांडा सागवानी म्हणजे दुरुस्ती. सगळंच सागवानी, सांधे एकसारखे, आणि पत्रा त्यावर मूळच्या खिळ्यांनी, म्हणजे इथे बांधलेली बॉडी. ती खोटी नाही, फक्त वेगळी नोंद होते.

बोल्ट. बॉडी चेसिसला ज्या बोल्टांनी धरली त्यांना पाना लावून बघा. इंग्लिश गाडीला व्हिटवर्थ (जुनी इंग्लिश मापं), अमेरिकन गाडीला इंची. मिलिमीटरचा पाना गच्च बसला तर तो बोल्ट बहुधा नंतरचा, आणि सगळेच तसे निघाले तर बॉडी बहुधा एकदा तरी उतरली होती. अपवाद मॉरिसचा. तिच्या इंजिनात आटे मिलिमीटरचे आणि डोकी व्हिटवर्थची. पाना व्हिटवर्थचा बसतो म्हणून मिस्त्री व्हिटवर्थचाच नवा बोल्ट आणून फिरवतो, आणि ब्लॉकचे आटे जातात. तेव्हा मॉरिसच्या इंजिनाचे बोल्ट चाचणीला सुद्धा सोडू नका.

चाकं. मॉडेल ए १९२८-२९ची असेल तर २१ इंची, १९३०-३१ची असेल तर १९ इंची. चाकं बदलतात, पण नाक, मडगार्ड आणि चाक तिन्ही वेगवेगळ्या वर्षांचे निघाले तर दोन-तीन गाड्यांची मिळून एक केलेली आहे.

पडताळणी: आता वहीत दोन वाक्यं लिहा. आज बॉडी अशी आहे. मूळ बॉडी बहुधा अशी होती, कारण अमुक खूण. दुसऱ्या वाक्यात "कारण" आलं नाही तर टप्पा संपलेला नाही.

टप्पा ५: कागद

आरसी बुक हातात घेतलं की आधी तारखा बघा. उत्पादन वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख या दोन गोष्टी आहेत, आणि कित्येक पुस्तकांत दुसरीच पहिलीच्या रकान्यात चढली आहे. त्यात अमेरिकन कारखाने पुढच्या वर्षाचं मॉडेल आदल्या शरदातच काढत. १९३७चं मॉडेल १९३६च्या ऑक्टोबरात बनलेलं असू शकतं.

बॉडीचा रकाना वाचा, पण त्यावर विसंबू नका. कारकुनाला चार दारं दिसली की तो "सलून" लिही. पत्र्याचं छत आणि रकान्यात "टूरर" किंवा कापडी छत आणि रकान्यात "सलून" अशी विसंगती मात्र सोन्यासारखी. बॉडी कधी बदलली ते तिच्यावरून उलगडतं. मामांच्या पुस्तकात बॉडीच्या रकान्यात काय होतं? सलून. मी ते बघितलंच नव्हतं, कारण "कारकून काहीही लिहितात" हे मला आधीच माहीत होतं ना.

आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचं वजन हे रकाने कुणी वाचत नाही. वाचा. हस्तांतरणाच्या नोंदींत वजन मध्येच कमी झालं असेल तर त्या दोन तारखांच्या मध्ये छत गेलं.

सोलापूरची खास अडचण सीमेची. नळदुर्ग-तुळजापूर पट्टा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, अक्कलकोट वेगळं संस्थान, आणि शहर मुंबई इलाख्यात. निजामाच्या भागातून आलेल्या गाडीचा कागद उर्दूत असू शकतो. वाचणारं माणूस सोलापुरात शोधावं लागत नाही, पण सालावर लक्ष ठेवा. हैदराबाद राज्यात सरकारी कामाला फसली साल चालायचं. कागदावर १३४७ दिसलं आणि ते फसली असेल तर ते १९३७-३८. तेच हिजरी समजलात तर १९२८-२९ येतं. नऊ वर्षांचा फरक, म्हणजे गाडीचं मॉडेलच बदललं. महिन्याचं नाव बघा. आजूर, दै, बहमन असे महिने असतील तर फसली. मोहरम, सफर असतील तर हिजरी.

घरातले फोटो अल्बममधून सोडवून मागची बाजू बघा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख तिथे असते. गाडी लग्नाच्या फोटोत हमखास सापडते, आणि लग्नाची तारीख घरातल्या कुणाला ना कुणाला पाठ असते. मामांच्या शेवरोलेचं छत १९५६च्या एका लग्नात जागेवर होतं.

"ही अमुक गिरणीच्या साहेबाची", "ही राजेसाहेबांची" या गोष्टी लिहून ठेवा, पण वेगळ्या पानावर. जुन्या गिरणीच्या साहेबाकडे जितक्या गाड्या होत्या असं मी ऐकलं आहे, तितक्या ठेवायला गिरणीच्या आवारातही जागा नव्हती.

टप्पा ६: कारखान्याची नोंद

हा टप्पा लोकांना अवघड वाटतो, पण तोच सगळ्यात सोपा आहे. पत्र आणि फी. रोल्स-रॉइस आणि बेंटलीच्या चेसिस नोंदी इंग्लंडातल्या रोल्स-रॉइस एन्थुझिअॅस्ट्स क्लबकडे आहेत. मॉरिस, एमजी वगैरेंच्या उरलेल्या नोंदींवरून गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून हेरिटेज प्रमाणपत्र मिळतं. क्रायस्लर घराण्याच्या, म्हणजे डॉज, प्लिमथ, डिसोटो यांच्या १९३० ते १९६७ची बिल्ड कार्डं, म्हणजे कोणती गाडी कशी बनली त्याच्या कारखान्यातल्या नोंदी, मायक्रोफिल्मवर राहिली. पत्रात टप्पा २मधला नंबर आणि प्रिंटचा फोटो पाठवा. "माझी गाडी कोणती?" असं विचारू नका. "या नंबरच्या गाडीवर कारखान्यातून कोणती बॉडी गेली आणि ती कुठे पाठवली?" असं विचारा.

सावधान: रोल्ससारख्या गाड्यांत कारखाना फक्त चेसिस विकायचा. बॉडी बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबर्ली यांसारखे वेगळे कारागीर बांधायचे. चेसिसचं साल आणि बॉडीचं साल वेगळं असणं तिथे नेहमीचंच, आणि एका चेसिसवर पुढे दुसरी बॉडी चढणंही.

टप्पा ७: दुर्मीळ म्हणजे कशाच्या मानाने

आता आकडे. "दुर्मीळ" या एका शब्दाखाली चार वेगळे प्रश्न लपलेले असतात: मॉडेल किती बनलं, त्यात ही बॉडी किती, आज किती शिल्लक, आणि त्यातल्या मूळ अवस्थेत किती. चारही उत्तरं वेगवेगळी लिहायची.

मॉडेल ए फोर्ड ४८ लाखांहून जास्त बनल्या. म्हणजे मॉडेल दुर्मीळ नाही, त्यावर वाद नको. पण त्यातली टाउन कार, ड्रायव्हर उघड्यावर आणि मालक बंद खोलीत बसणारी, हजार-बाराशेच्या घरात. मॉडेल तेच, बॉडी बदलली की आकडा हजारांनी भागला जातो. म्हणून तर आधीचे सहा टप्पे.

उलट बाजूला रोल्सचं २०/२५ हे मॉडेल. एकूण ३,८२७ चेसिस, आणि बहुतेक बॉड्या मागणीबरहुकूम. तिथे "अशी एकमेव" हे वाक्य जवळपास प्रत्येक गाडीबद्दल म्हणता येतं, म्हणून त्याला काही वजन नाही. तिथे विचारायचं ते एवढंच की मूळ बॉडी मूळ चेसिसवर आहे का.

ऑस्टिन सेव्हन १९२२ ते १९३९मध्ये तीन लाखांच्या जवळपास बनल्या. आपल्याकडे "बेबी ऑस्टिन" म्हणून जी दाखवतात ती चमी टूरर आहे, बॉक्स सलून आहे की १९३४नंतरची रूबी, हे कळल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आकडे वाचताना तीन खोड्या लक्षात ठेवा. कारखान्याचा आकडा मॉडेल वर्षाचा असतो की जानेवारी-डिसेंबरचा, ते बघा. दोन्ही एकत्र बेरजेत धरले तर गाड्या दोनदा मोजल्या जातात. पेटीत सुट्या भागांनी आलेल्या गाड्या, ज्यांना सीकेडी म्हणतात, त्या बॉडीवार आकड्यांत बहुधा नसतात. शिवडीला जोडलेली गाडी अमेरिकन तक्त्यात शोधून "नोंदच नाही, म्हणजे अतिदुर्मीळ" असा निष्कर्ष काढणारे भेटतात. आणि "शिल्लक ५" म्हणजे क्लबला कळलेल्या ५. आपल्या जिल्ह्यातल्या कडब्याखालच्या कुठल्या क्लबला कळल्या आहेत?

कमी बनली म्हणून किमती, असंही नसतं. कित्येक बॉड्या कमी बनल्या कारण कुणी घेतल्या नाहीत, आणि आजही घेत नाहीत.

पडताळणी: दावा लिहून बघा: "या मॉडेलच्या इतक्या, या बॉडीच्या इतक्या, आकडा अमुक देशातल्या कारखान्याचा, साल हे धरून." यातली एक जागा मोकळी राहिली तर "दुर्मीळ" हा शब्द वापरू नका, मोकळी जागा तशीच दाखवा.

टप्पा ८: नोंदवही आणि आरटीओ

वहीचे तीन रकाने करा: पाहिलं, वाचलं, ऐकलं. प्रत्येक गोष्ट यांतल्या एकाच रकान्यात जाते. विकणारा तिसऱ्या रकान्यातलं पहिल्यात ढकलतो, विकत घेणारा त्यालाच पैसे देतो.

विंटेज नोंदणी करायची असेल तर जुलै २०२१ची केंद्राची अधिसूचना वाचा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, धंद्याला न वापरलेली, आणि चेसिस, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. अर्ज नमुना २०मध्ये, जुनी आरसी आणि विमा सोबत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, पुनर्नोंदणीला ५,०००, मुदत दहा वर्षं. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. ही गाडी मग रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं यांसाठीच बाहेर काढायची. वरातीचं भाडं तर विसराच.

म्हणजे छत कापायचं, लांबवायचं, डिझेल टाकायचं असले विचार मनात असतील तर अर्जाच्या आधी सोडा. आणि कापलेलं छत असलेली गाडी "मूळ टूरर" म्हणून अर्जात लिहू नका. तपासणीला समिती असते, आणि दाराच्या आतली भोकं त्यांनाही दिसतात.

मामांच्या बैठकीतली फ्रेम अजून आहे. काच तीच, आतला कागद बदलला आहे: "शेवरोले, चार दारांची सलून. छत १९५६नंतर कापलेलं. इंजिन नंबर आरसीशी जुळतो. चेसिस नंबर अजून वाचलेला नाही." शेवटच्या ओळीसाठी येत्या दिवाळीत बॉडी उचलायची आहे. मामा म्हणतात, आधी पाव्हणे जाऊ देत.